नाना शंकरशेट : एका विद्यार्थी-प्रदर्शनाच्या निमित्ताने

थोरांचे पुण्यस्मरण करण्याच्या रीती अनेक आहेत. जयंतीस प्रतिमेला हार घालावा, पुण्यतिथीस व्याख्यान योजावे, रस्त्यास वा चौकास नाव द्यावे, द्रव्यबळ असल्यास पुतळा उभारावा. या सर्व रीतींत वडीलधाऱ्यांनी करावे आणि मुलाबाळांनी पाहावे असाच परिपाठ दिसतो. आपल्या समाजाच्या गतवर्षीच्या वार्षिक संमेलनात हा परिपाठ काहीसा बदलला, ही समाधानाची गोष्ट होय. सातवी ते दहावी या इयत्तांतील वीस-बावीस मुलामुलींनी नामदार जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच आपणां सर्वांचे नाना, यांच्या चरित्रावर स्वहस्ते तक्ते लिहिले, नकाशे काढले, पुठ्ठ्याची आगगाडी केली आणि सभागृहालगतच्या ओवरीत नऊ तक्त्यांचे प्रदर्शन मांडले. त्या कामी देखरेख करण्यास कार्यकारिणीने आम्हांस सांगितले होते. त्या प्रदर्शनाची हकीकत आणि त्यात मांडलेले नानांचे चरित्र या दोहोंची एकत्र नोंद व्हावी, अशी इच्छा स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आता प्रकट केली आहे. तिला अनुसरून हा लेख लिहीत आहोत.

साठ शब्दांचा इतिहास

तक्ता म्हटला की त्याला जागेची मर्यादा आली. चार हातांवरून वाचता यावे अशा ठळक अक्षरांत लिहावयाचे तर एका तक्त्यावर साठ-सत्तर शब्दांहून अधिक मजकूर मावत नाही. पुस्तक लिहिणारास थोडा फुगवटा खपतो, तक्ता लिहिणारास तो खपत नाही. कोणते वाक्य ठेवावे आणि कोणते गाळावे याचा निर्णय करावा लागतो, आणि इतिहास लिहिणे म्हणजे तरी दुसरे काय?

मुलांनी प्रथम जी टिपणे आणली, ती बहुतेक मोबाइलवरून उतरून घेतलेली होती. त्यांत विशेषणांची रेलचेल होती. 'भारतीय रेल्वेचे जनक', 'आधुनिक मुंबईचे आद्य शिल्पकार', 'पहिले हिंदी आमदार' अशी बिरुदांची माळच एका मुलाने लिहून आणली होती. ही बिरुदे आदरापोटी दिलेली आहेत, तेव्हा ती देणारांस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु बिरुदाने मान वाढतो, माणूस दिसत नाही. आम्ही मुलांना म्हटले, "तुम्ही सोनारांची मुले. गिऱ्हाईक म्हणतो म्हणून कोणी सोने शंभर नंबरी धरतो काय? आधी कसोटीवर घासून कस पाहतात." मग असे ठरले की, प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावयाचे : हे केव्हा घडले? कोठे घडले? आणि त्या वेळी नानांबरोबर कोण होते? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून वाक्य तक्त्यावर चढवावयाचे नाही. पहिल्या दोन प्रश्नांनी बरीच बिरुदे गळाली. तिसऱ्या प्रश्नाने मात्र प्रदर्शनाचे रूपच पालटले. ते कसे, हे पुढे येईल.

घराणे आणि आरंभ

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मुरकुटे, मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. त्यांचे पूर्वज गणबाशेट अठराव्या शतकात मुंबईस येऊन व्यापारात स्थिरावले. कोटातील एका रस्त्याला साहेब लोक 'गनबो स्ट्रीट' म्हणत. ते या गणबाशेटांच्याच नावाचे अपभ्रष्ट रूप होय. आज त्या रस्त्याचे नाव रुस्तम सिधवा मार्ग असे आहे. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन रस्त्याचा नकाशा काढला आणि तोच पहिल्या तक्त्यावर लावला. मुरबाडहून निघालेल्या एका कुटुंबाचे नाव इंग्रजांच्या कोटात रस्त्याला कसे लागले, हे त्या नकाशाने बिरुदांपेक्षा अधिक सांगितले.

वडील शंकरशेट बाबुलशेट हे मोठे व्यापारी होते. नानांची विशी पुरी होण्यापूर्वीच ते निवर्तले व पेढीचा सारा भार नानांच्या शिरी आला. अशा वयात हाती पैसा आला म्हणजे माणूस कोणत्या वाटेने जाईल याचा नेम नसतो. नानांनी वाट धरली ती शाळांची. १८२२ साली मुंबईत देशी भाषांतून शाळा चालविणे व शालेय पुस्तके तयार करविणे या हेतूने 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' स्थापन झाली होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिचे अध्यक्ष. तिच्या आरंभीच्या हिंदी कार्यकर्त्यांत नाना होते. १८२७ साली एल्फिन्स्टन साहेब विलायतेस परतले, तेव्हा त्यांच्या नावे उच्च शिक्षणासाठी निधी जमविण्यात आला. तो दोन लाख रुपयांच्या वर गेला. त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली, आणि बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई नौरोजी यांच्यासारखी माणसे तेथे शिकविती झाली.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

येथवर काम सुरळीत चालले होते. एके दिवशी आठवीतील एका मुलीने लिहिता लिहिता कुंचला खाली ठेवला आणि म्हटले, "सर, नाना शेट होते, म्हणून त्यांना हे सगळे जमले. माझे बाबा दुसऱ्याच्या दुकानासाठी मजुरीवर दागिने घडवतात. त्यांनी नानांकडून काय घ्यायचे?"

वर्गात क्षणभर कोणी बोलेना. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि तो केवळ तिच्या एकटीचाही नव्हता. आपल्या समाजात पेढ्यांचे धनी थोडे आणि बागेसरीपुढे बसून फुंकणी फुंकणारे पुष्कळ, ही गोष्ट संमेलनाच्या मंडपात आपण सहसा बोलत नाही. या कारागिरांवर काय काय आले, हेही नव्या पिढीस ठाऊक नसते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरटचा दागिना आपल्याकडे कोण घालणार? पेढीवाल्यांनी जुन्या पुंजीवर दिवस काढले. कारागिरांच्या घरी मात्र चूल पेटण्याची पंचाईत झाली. देशातील काही सुवर्णकारांनी त्या काळात जीव दिले. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली. १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, तो १९९० साली रद्द झाला. परंतु विझलेल्या सगळ्याच बागेसऱ्या पुन्हा पेटल्या नाहीत.

त्या दिवसांत पुष्कळ घरांनी मुलांच्या हातातील सांडशी काढून घेतली आणि पाटी दिली. कोणी शिक्षक झाले, कोणी तलाठी, कोणी पोस्टात गेले, कोणी रेल्वेत. हे होऊ शकले, कारण गावात मराठी शाळा होती. तिला फी नाममात्र होती, आणि शिकविण्याची भाषा घरात बोलली जाणारीच होती. म्हणून आम्ही त्या मुलीला म्हटले, "नानांचे धन तुझ्या बाबांच्या घरी आले नाही हे खरे. पण नाना ज्या गोष्टीसाठी भांडले, ती तुझ्या आजोबांच्या घरी आली की नाही, ते आपण शोधू." त्या शोधातून प्रदर्शनाचा सर्वांत मोठा तक्ता तयार झाला.

१८४७ चा वाद

१८४० साली मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' या मंडळाकडे आला. त्यावर जे हिंदी सभासद होते त्यांत नाना प्रमुख. १८४३ पासून मंडळाचे अध्यक्ष होते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी. पेरी साहेब शिक्षणाचे शत्रू नव्हते, हे मुलांना आम्ही आवर्जून सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, हाताशी पैसा थोडा आहे. तो गावोगावच्या शाळांवर शिंपडला तर कोठेच ओल धरणार नाही. वरच्या वर्गांतील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, मग त्यांच्याकडून ते ज्ञान हळूहळू खाली पाझरेल.

नानांना हे मान्य नव्हते. १८४७ साली मंडळात या प्रश्नावर उघड मतभेद झाला. नानांच्या बाजूस फ्रामजी कावसजी हे पारशी गृहस्थ होते, कोकणी मुसलमान घराण्यातील विद्वान महंमद इब्राहिम मकबा होते, आणि ज्यांनी पूर्वी गणिताची पुस्तके मराठीत आणविली ते कर्नल जर्व्हिस हे इंग्रज अधिकारीही होते. नानांनी आपले मत लेखी नोंदविले. त्याचा आशय असा : मूठभरांना विद्वान करणे हा हेतू असेल तर गोष्ट वेगळी, परंतु सर्व लोकांत ज्ञान पसरावे असा हेतू असेल, तर ते त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच द्यावे लागेल. परकी भाषा पुरती शिकण्यास जो काळ व जो पैसा लागतो, तो सामान्य माणसापाशी कोठला?

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो दूर केला पाहिजे. नानांना इंग्रजीचे वावडे नव्हते. ते स्वतः इंग्रजी उत्तम जाणत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील इंग्रजी शिक्षणाला त्यांचा पाठिंबा होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव होते. त्यांचा विरोध इंग्रजीला नव्हता. इंग्रजी येणाऱ्यांपाशीच ज्ञान राहावे या व्यवस्थेला तो होता.

वाद सरकारपर्यंत गेला. सरकारने कोणा एका पक्षाच्या पदरात पुरते माप घातले नाही. वरच्या शिक्षणात इंग्रजीचे वर्चस्व वाढतच गेले, म्हणजे तेथे पेरी साहेबांची सरशी झाली. खालच्या शाळा मात्र देशी भाषांतून चालत राहिल्या, आणि १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यानेही सामान्य लोकांस त्यांच्या भाषेतून शिक्षण द्यावे हे तत्त्व मान्य केले. नाना वाद संपूर्ण जिंकले असे तक्त्यावर लिहिले असते तर ते खोटे झाले असते. त्यांनी वाट बंद होऊ दिली नाही, इतके खरे; आणि त्या उघड्या राहिलेल्या वाटेनेच पुढे कारागिरांची, कुळांची, मजुरांची मुले शाळेत शिरली.

या तक्त्याच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. प्रदर्शनातील बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकणारी. त्यांना मराठी बोलता येते, पण जोडाक्षर लिहिताना हात अडखळतो. "हा तक्ता इंग्रजीत लिहू का?" असे एका मुलाने विचारले, आणि ते विचारताच त्याचे त्यालाच हसू आले. मातृभाषेसाठी भांडलेल्या पुरुषाचा तक्ता मातृभाषेत लिहिता येऊ नये, यातील विसंगती शिक्षकाने सांगण्याआधी मुलांच्या ध्यानी आली. तक्ता मराठीतच लिहिला गेला. त्यास तीन कागद खराब झाले. पालकांना आम्ही दोष देत नाही. ज्यांचा पिढीजात धंदा डोळ्यांदेखत बसला, त्यांनी मुलांच्या पोटाची चिंता करून इंग्रजी शाळा धरली, हे समजण्यासारखे आहे. परंतु इंग्रजी घेताना मराठी टाकावी लागत नाही, हे नानांनी स्वतःच्या वर्तनाने दाखविले आहे. घरात रोज अर्धा तास मराठी वाचन व पानभर शुद्धलेखन एवढे केले, तरी आमच्या मते पुष्कळ झाले.

आगगाडी आणि 'पहिले' हा शब्द

लहान मुलांची सर्वांत अधिक गर्दी झाली ती पुठ्ठ्याच्या आगगाडीपाशी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली. डबे चौदा, निमंत्रित उतारू सुमारे चारशे, अंतर एकवीस मैल आणि इंजिने तीन : साहिब, सिंध व सुलतान. मुलांनी तिन्ही इंजिनांवर नावे घालून चौदाच्या चौदा डबे केले.

आता या गाडीशी नानांचा संबंध काय? १८४५ च्या सुमारास मुंबईत लोहमार्ग व्हावा म्हणून जी खटपट सुरू झाली, तीत नाना व सर जमशेटजी जिजीभाई हे अग्रभागी होते. पुढे १८४९ साली विलायतेत 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे' कंपनीस कायद्याने मान्यता मिळाली. भांडवल मुख्यतः विलायतेतील भागीदारांचे, त्यावर व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीची, मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, आणि माती उपसणारे, रूळ टाकणारे हात या देशातील असंख्य मजुरांचे. तेव्हा 'नानांनी आगगाडी आणली' हे वाक्य कसोटीवर टिकत नाही. 'मुंबईत आगगाडी यावी म्हणून ज्यांनी आरंभी खटपट केली, त्यांत नाना अग्रणी होते' हे टिकते. पहिले वाक्य ऐकण्यास गोड आहे. दुसरे कोणी खोडू शकणार नाही. परक्या माणसाने एक वाक्य खोडले की तो बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास ठेवीत नाही, हे ज्ञातीच्या अभिमान्यांनी ध्यानात ठेवावे.

तीच गोष्ट 'पहिले हिंदी आमदार' या बिरुदाची. १८६१ च्या कायद्याने मुंबईचे कायदे कौन्सिल स्थापन झाले व १८६२ साली त्यावर नानांची नेमणूक झाली. परंतु त्या पहिल्या तुकडीत रुस्तुमजी जमशेटजी जिजीभाई यांच्यासारखे आणखीही हिंदी सभासद होते, आणि सर्वच सरकारनियुक्त होते. निवडणूक तेव्हा नव्हती. म्हणून तक्त्यावर मुलांनी लिहिले : 'मुंबईच्या कायदे कौन्सिलच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक.' 'पैकी एक' या दोन शब्दांनी नानांची उंची तसूभरही कमी झाली नाही.

नानांचे सोबती

तिसऱ्या प्रश्नाने प्रदर्शनाचे रूप पालटले असे वर म्हटले आहे. 'नानांबरोबर कोण होते?' हे प्रत्येक तक्त्यावर लिहावयाचे ठरल्याने ओवरीच्या भिंतीवर नानांभोवती माणसांचा मेळाच जमला.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या 'बाँबे असोसिएशन'चा तक्ता पाहा. हिंदी लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटापुढे अर्जाने मांडणारी ही इलाख्यातील पहिली मोठी राजकीय संस्था. नाना तिचे अध्यक्ष. तीत हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू अशा सर्व समाजांचे लोक बसत. चिटणिसांत होते डॉ. भाऊ दाजी लाड. हे भाऊ दाजी गोव्यातील मांद्रे गावचे. वडील मातीच्या मूर्ती व बाहुल्या करून विकणारे. तो मुलगा मुंबईस आला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला, १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडला, आणि कोट्यधीश नानांच्या शेजारी बसून एकाच अर्जाचे काम करू लागला. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच हा तक्ता लिहिण्यास मागून घेतला. धन असलेल्याने शाळेची व सभेची दारे उघडी ठेवावी आणि हातात कसब असलेल्याच्या मुलाने त्या दारातून निःसंकोच आत यावे, हे नाते तिला तेथे दिसले असावे.

मुलींच्या शिक्षणाचा तक्ताही असाच. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली काढलेल्या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा मराठी मुलींच्या शाळेस नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. त्याच वर्षी पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. सनातन्यांचा रोष दोन्हीकडे होता. फुले दांपत्याजवळ पैसा नव्हता व घरही सोडावे लागले. नानांना प्रतिष्ठेचे कवच होते. हा भेद मुलांनी तक्त्यावर स्पष्ट लिहिला, आणि तो लिहिणे योग्यच होते.

संमेलनाच्या दिवशी एका ज्येष्ठ ज्ञातिबांधवांनी सर्व तक्ते लक्षपूर्वक वाचून म्हटले, "प्रदर्शन उत्तम. पण आपल्या नानांच्या प्रदर्शनात पारशी, मुसलमान आणि साहेबच फार झाले." त्यांचा भाव आम्ही जाणतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नानांना जेमतेम दोन ओळी मिळतात. निदान आपल्या मंडपात तरी ते एकटे झळकावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही नम्रपणे एवढेच सांगितले की, नानांनी शाळा काढली ती केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नव्हे. सोनापूरची स्मशानभूमी दूर शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत त्यांनी हाणून पाडला, तोही केवळ आपल्या ज्ञातीसाठी नव्हे. गोरगरिबांना प्रेत इतके दूर नेणे परवडणार नाही म्हणून. १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावर संशय घेतला. चौकशीत काही निष्पन्न झाले नाही. त्या संकटातही त्यांची पत टिकली, ती साऱ्या शहरात त्यांनी जोडलेल्या विश्वासामुळे. सोबती भिंतीवरून उतरविले तर नानांजवळ उरेल ती केवळ श्रीमंती, आणि श्रीमंत तर त्या काळी मुंबईत पुष्कळ होते. ते गृहस्थ थोडा वेळ स्तब्ध राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मकबांविषयीचा मजकूर पुन्हा वाचावयास गेले.

पाहून लिहिलेला इतिहास

पुढे ज्या कुटुंबांना वा शाखांना असे प्रदर्शन करावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पुस्तकावरून तक्ता लिहिण्यापूर्वी मुलांना स्थळी न्यावे. मुंबईत नानांच्या खुणा जागोजाग आहेत. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्ग आहे. ग्रँट रोडजवळ नाना चौक आहे. कोटातील टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. ज्या ग्रँट रोडवर त्यांनी दिलेल्या जागेत नाटकगृह उभे राहिले, तेथेच १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मराठी नाटके केली.

परंतु मुलांना आम्ही सर्वांत आधी नेले ते भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयात. त्याचे कारण आहे. मुंबईस वस्तुसंग्रहालय व सार्वजनिक उद्यान असावे यासाठी १८५८ साली टाऊन हॉलमध्ये सभा भरली, तिचे अध्यक्ष नाना होते. पुढे डॉ. भाऊ दाजी व डॉ. बर्डवुड यांच्यासह त्यांनी त्या कामी झीज सोसली. १८६२ साली इमारतीची कोनशिला बसली; इमारत लोकांसाठी खुली झाली ती १८७२ साली. नाना ३१ जुलै १८६५ रोजीच निवर्तले होते. म्हणजे जे प्रदर्शनगृह लोकांना पाहता यावे म्हणून ते झटले, ते त्यांना स्वतःला पाहता आले नाही. १९७५ साली त्या संग्रहालयास त्यांच्या तरुण सोबत्याचे नाव देण्यात आले. ज्या पुरुषाने लोकशिक्षणासाठी प्रदर्शनगृहाची खटपट केली, त्याचे स्मरण मुलांनी प्रदर्शन मांडून करावे, हे आम्हांस हारतुऱ्यांहून अधिक उचित वाटते.

मांडणीविषयी थोडक्यात सांगतो. तक्ते मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावेत, मोठ्यांना थोडे वाकावे लागले तरी चालेल. शाई काळी व अक्षर जाड असावे. रंगांची उधळण नको. प्रत्येक तक्त्यापाशी तो लिहिणारा विद्यार्थी उभा असावा आणि त्याने न वाचता सांगावे. तक्त्यावर देणगीदारांची नावे घालू नयेत; त्यांच्यासाठी वेगळा फलक करावा. छापील तक्ते बाजारातून आणू नयेत. स्वतः लिहिलेल्या वाक्याचे उत्तर मूल देऊ शकते. विकत आणलेल्या वाक्याचे देऊ शकत नाही.

नववा तक्ता

नववा तक्ता मुलांनी कोरा ठेवला होता. वर केवळ एक ओळ होती : 'आपल्या घरातून शाळेत गेलेली पहिली व्यक्ती कोण? कोणत्या साली? कोणत्या शाळेत?' खाली दोरीला पेन्सिल बांधली होती. ही कल्पना मुलांचीच.

प्रथम कोणी लिहीना. मग एका वृद्ध बाईंनी नातवाच्या हाती पेन्सिल देऊन आपले नाव, साल आणि कोकणातील लोकल बोर्डाच्या मराठी शाळेचे नाव लिहविले. त्यानंतर रांग लागली. कोणी आजोबांचे नाव लिहिले, कोणी थोरल्या आत्याचे. काहींनी तेथूनच गावी फोन लावून साल विचारून घेतले. सायंकाळपर्यंत तक्ता भरला आणि कडेला दुसरा कागद जोडावा लागला. म्युनिसिपालिटीची शाळा, लोकल बोर्डाची शाळा, पुढे जिल्हा परिषदेची शाळा. गावे निरनिराळी, पण बहुतेक सर्व शाळा मराठी. त्या मुलीच्या आजोबांचे नावही तेथे आहे. इयत्ता चौथीपर्यंतच, पण आहे.

नानांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी विद्यापीठास देणगी दिली व प्रवेश परीक्षेत संस्कृत विषयात उत्तम गुण मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली, जे पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. अशा शिष्यवृत्तीचा मान मोठा आहे. परंतु आमच्या मते नानांचे खरे ऋण त्या नवव्या तक्त्यावर पेन्सिलीने लिहिले गेले आहे, आणि ते फेडावयाचे तर आपल्या समाजात मजुरीवर घडणावळ करणाऱ्या एकाही घरातील मूल पैशावाचून शाळेबाहेर राहू नये, एवढी तजवीज आपल्या शिष्यवृत्ती निधीने करावी. निधीच्या सभेत हा ठराव मांडण्याचा आमचा मानस आहे. सभासद कुटुंबांनी त्यास पाठबळ द्यावे अशी विनंती आहे.

सर्व तक्ते संस्थेच्या कचेरीत नीट गुंडाळून ठेवले आहेत. अन्य शाखांना ते पाहिजे असल्यास चिटणिसांकडे मागणी करावी. मात्र तक्ते जसेच्या तसे लावण्याऐवजी आपल्या मुलांकडून ते नव्याने लिहवून घ्यावेत, आणि नववा तक्ता कोराच ठेवावा, ही सूचना करून हा लेख पुरा करतो. इत्यलम्.